वगळलेली वाक्ये

सारंग वाळिंबे बोलायला लागला की नवख्या माणसाला आधी वाटे, याला कुठेतरी दुखतंय. मग वाटे, याला ठसका लागलाय. मग तो माणूस सारंगच्या शेजारी बसलेल्या मंजिरीकडे बघे आणि मंजिरी शांतपणे सांगे, "तो विचारतोय, मागच्या आठवड्यातलं तापमान तुम्ही या आलेखात धरलंय का?"

सारंगच्या जन्माच्या वेळी त्याच्या मेंदूला काही मिनिटं प्राणवायू कमी पडला होता. बुद्धीला त्याने काही झालं नाही. पण मेंदूकडून स्नायूंना जाणारे हुकूम कधीच वेळेवर पोचले नाहीत. हात भलतीकडे जायचे, मान डोलायची, जीभ एक अक्षर उशिरा वळायची. आई होती तोवर आईला त्याचं बोलणं कळायचं. ती गेली तेव्हा सारंग चौदा वर्षांचा होता आणि मंजिरी एकोणीस. त्यानंतर जगाला सारंगचं जे काही कळलं ते मंजिरीच्या तोंडून. २०३८ सालच्या मे महिन्यात ती त्रेचाळीस वर्षांची होती आणि कराडच्या त्यांच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ही व्यवस्था कोणाला वेगळी वाटेनाशी झाली होती.

सारंगचं काम पुलांचं होतं. जिल्ह्यातल्या जुन्या पुलांच्या खांबांवर आता नाण्याएवढे संवेदक बसवलेले असत. ट्रक गेला, वारा सुटला, पाणी आपटलं की खांब किती थरथरला आणि किती वेगाने थरथरला ते संवेदक कळवत. त्या थरथरीचे आलेख रोज हजारोंनी जमत. त्यातली खरी गडबड कुठली आणि उन्हाने लोखंड तापल्याचा परिणाम कुठला, हे ओळखण्यात सारंगचा हात धरणारं कोणी नव्हतं. गणितातली पदवी त्याने घरी बसून घेतली होती. सहा वर्षं तो बांधकाम खात्याचा सल्लागार होता आणि दर पंधरा दिवसांनी व्हिडिओ मीटिंगला बसायचा. म्हणजे दोघं बसायची.

टॅबवर सुलभतेच्या सोयी होत्याच. व्हीलचेअरच्या उशीला एक मोठं बटण जोडलेलं होतं. पडद्यावर एक चौकट अक्षरांवरून सरकत राही. हवं ते अक्षर आलं की सारंग डोक्याने बटण दाबी. असं एक वाक्य लिहायला त्याला सात-आठ मिनिटं लागत. बोललेलं ओळखून लिहिणारी सोयही होती, पण ती लाखो लोकांच्या बोलण्याची सरासरी काढून तयार केलेली होती आणि त्या सरासरीत सारंग कुठेच बसत नव्हता. मंजिरीने गंमत म्हणून एकदा ती चालू केली होती. सारंग म्हणाला होता, "चहा गार झालाय." पडद्यावर उमटलं होतं, "जहाज घाट आलाय."

एप्रिलअखेर टॅबचं नवं अपडेट आलं आणि सुलभतेच्या यादीत एक ओळ वाढली: 'माझा उच्चार'.

कल्पना साधी होती. सारंगसारख्या माणसाचा उच्चार इतरांपेक्षा वेगळा असतो, पण तो स्वतःशी पक्का असतो. त्याचा 'क' आज जसा बिघडतो तसाच उद्याही बिघडतो. तेव्हा लाखो लोकांचं बोलणं बाजूला ठेवायचं आणि यंत्राला एकाच माणसाचं बोलणं शिकवायचं. त्यासाठी आवाज आणि त्याचा अर्थ अशा हजारो जोड्या लागतात. त्या वाळिंब्यांच्या घरात तयारच होत्या. सहा वर्षांतल्या सगळ्या मीटिंग आणि गेल्या दहा वर्षांतले नातेवाइकांचे बरेचसे व्हिडिओ कॉल त्याच खात्यावर रेकॉर्ड होऊन पडले होते. प्रत्येकात आधी सारंगचा आवाज, मागोमाग मंजिरीचा. यंत्राला कॅमेऱ्यातून सारंगचा जबडा, ओठ आणि छातीचा भाताही दिसत होता. मंजिरीने परवानगीचं बटण दाबलं आणि टॅब दोन दिवस चार्जरला लावून ठेवला.

मंगळवारी सकाळी तिने तो उघडला. सारंग अंघोळीनंतर तासभर पडून असे. तो आतल्या खोलीत होता. पडद्यावर लिहिलं होतं:

'शिकणे पूर्ण. ९,८४० वाक्यांपैकी ३१२ वाक्ये वगळली. या ठिकाणी आवाज आणि दिलेला अर्थ जुळत नाही. वाक्ये तपासा किंवा पुसून टाका.'

चुकीच्या जोड्या शिकला तर विद्यार्थी बिघडतो, म्हणून यंत्राने त्या बाजूला काढल्या होत्या. आणि उरलेल्या साडेनऊ हजारांवरून सारंगची भाषा शिकल्यावर, त्या बाजूला काढलेल्या वाक्यांत सारंग खरंच काय म्हणाला होता तेही त्याने लिहून ठेवलं होतं. डावीकडे सारंगचं वाक्य. उजवीकडे मंजिरीचं.

मधलीच काही वाचून तिला हसू आलं.

'साहेबांनी पूल बघितलाय का, की नुसते उद्घाटनाला गेले होते?' उजवीकडे: 'साहेबांनी एकदा भेट दिली तर बरं होईल.'

'या माणसाला भागाकार येत नाही.' उजवीकडे: 'आकडे एकदा तपासून घेऊ या.'

हे तिला ठाऊकच होतं. सारंगच्या बोलण्याची टोकं ती घासून देत असे. पाच वर्षांपूर्वी एका पुलाबद्दल त्याचा अंदाज चुकला होता; एक संवेदक सैल झाला होता, एवढंच. पण त्या मीटिंगमध्ये कोणीतरी हळूच म्हणालं होतं, "ज्याला धड बोलता येत नाही त्याचं काय ऐकायचं." माइक चालू राहिला होता. त्या दिवसापासून ती जास्तच घासायला लागली होती.

मग दोनशे सत्त्याऐंशीव्या ओळीवर ती थांबली. गेल्या नोव्हेंबरची मीटिंग. तारवेवाडीचा पूल.

'तिसरा खांब पोकळीवर उभा आहे. पुढच्या पावसाच्या आत पूल बंद करा.' उजवीकडे: 'तिसऱ्या खांबाकडे लक्ष ठेवावं लागेल.'

पूल चालू होता. नोव्हेंबरपासून रोज त्याच्यावरून उसाचे ट्रॅक्टर आणि शाळेच्या बस गेल्या होत्या.

तिने यादी उलटी वर नेली, काहीतरी दुसरं वाचायला मिळावं म्हणून, आणि अगदी सुरुवातीच्या ओळींत तिला एकोणतीस सालातला एक कॉल दिसला. तेव्हा तिच्यासाठी नागपूरच्या एका प्राध्यापकांचं स्थळ आलं होतं. कॉलवर त्या घरची माणसं होती, बाबा होते. मुलाच्या मावशीने सारंगला विचारलं होतं, ताई नागपूरला गेली तर तुला चालेल ना?

'तिला जाऊ दे. माझं मी बघेन. बाई ठेवू.' उजवीकडे: 'तो म्हणतोय, ताईशिवाय माझं जमणार नाही.'

स्थळ तिथेच संपलं होतं. त्यानंतर बाबा चार महिने सारंगशी बोलले नव्हते.

'पुसून टाका' हे बटण पडद्याच्या खाली होतं, लाल रंगाचं. मंजिरीने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. सारंगला ही यादी असल्याचं कळायचं काही कारण नव्हतं. यंत्र शिकलं होतं, ते आता चालणार होतं. पण पुलाबद्दल गुरुवारी मीटिंग होती, आणि तिथे सारंग नोव्हेंबरमध्ये काय म्हणाला होता हे कोणीतरी विचारणार होतंच.

तिने सारंगला उठवून खुर्चीत बसवलं, टॅब त्याच्या समोरच्या दांडीला लावला आणि सोय चालू केली.

सारंग काहीतरी म्हणाला. दीड सेकंद गेला. मग टॅबमधून आवाज आला. आवाज सारंगचाच होता, जरा खालच्या पट्टीतला, पण प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ.

"पंखा कमी कर."

सारंगने टॅबकडे मान वळवली. मग पुन्हा म्हणाला, आणि टॅब म्हणाला, "अरे वा. मी असा ऐकू येतो तर."

मंजिरीने पंखा कमी केला. मग यादी उघडून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि बाजूला बसली. सारंग डोक्याने बटण दाबत एकेक पान सरकवत गेला. मधेच एकदा हसला. शेवटच्या पानावर पोचायला त्याला अर्धा तास लागला.

"तू पूर्ण वाचलीस?" त्याने विचारलं.

"वाचली."

"मला दाखवली नसतीस तरी चाललं असतं. मला पाठ आहेत."

"नागपूरचं तू तेव्हाच बाबांना सांगायचं होतंस," ती शेवटी म्हणाली. "लिहून सांगता आलं असतं."

"लिहायला घेतलं होतं. एक ओळ झाली. मग वाटलं, तुझं-माझं बिनसलं तर माझी पाठ खाजतेय हे उद्या कोणाला सांगू?"

टॅबच्या आवाजात राग नव्हता. सारंगच्या मूळ आवाजातही नव्हता. मंजिरी दोन्ही ऐकत होती. तिच्या एकदम लक्षात आलं की नऊ वर्षं ही गोष्ट त्याला तिच्या तोंडूनच कोणाला सांगता आली असती, आणि ते तर शक्यच नव्हतं.

"तुला जायचं नव्हतं, ते मला दिसत होतं," सारंग म्हणाला. "तो माणूस पाऊण तास स्वतःबद्दलच बोलत होता. मग सरळ 'नको' म्हणायचं होतंस. माझं नाव कशाला?"

"मला काहीतरी कारण हवं होतं. चौतिसाव्या वर्षी नुसतं 'नको' म्हणून भागत नाही."

"आणि मी समोरच होतो."

"हो."

सारंगने मान हलवली, किंवा ती आपोआप हलली. "बाबांना तू सांग," तो म्हणाला. "पुलाचं मी सांगतो. नोव्हेंबरात पाऊस संपला होता म्हणून मी सोडून दिलं. पण जूनच्या आत बोलणारच होतो. तुला कसं टाळायचं, तेवढंच ठरत नव्हतं."

त्यांचे वडील अनंतराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं स्टँडवर भोंग्याखाली बसून गाड्या पुकारल्या, त्यात त्यांचे कान गेले. आता शहात्तराव्या वर्षी समोरच्याचं बोलणं ते आपल्या छोट्या टॅबवर वाचत. कोणी बोललं की पडद्यावर मोठ्या अक्षरांत ओळी उमटत. सारंग बोलला की मात्र आजवर एकच शब्द उमटत असे: 'अस्पष्ट'. बाबांना त्याचे पाच-सहा शब्द ओठांवरून कळत. पाणी, भूक, बाथरूम, बंद कर. बाकीचं मंजिरी सांगे आणि ते तिचं वाचत.

बुधवारी दुपारी जेवणं झाल्यावर मंजिरीने त्यांना नागपूरचं सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती. बाबा चष्मा सावरून ओळी वाचत होते. वाचून झाल्यावर बोटाने त्या वर सरकवून त्यांनी पुन्हा वाचल्या.

"मला तो मुलगा आवडला नव्हताच," ते म्हणाले.

"मग तुम्ही सारंगशी अबोला का धरलात?"

"तुझं लग्न मोडलं याचं कोणावर तरी चिडायचं होतं. तुझ्यावर चिडलो असतो तर घर कोणी चालवलं असतं?" ते सारंगकडे वळले. "चुकलं माझं," ते म्हणाले. स्टँडवर पुकारायची सवय होती, त्यामुळे हेही मोठ्यानेच म्हणाले.

सारंग काहीतरी पुटपुटला आणि त्याच्या टॅबने ते स्वच्छ म्हटलं. बाबांच्या पडद्यावर अक्षरं आली: 'हरकत नाही. जुनं झालं.'

बाबांनी ती ओळ वाचली. मग पडद्याकडे आणि मुलाच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं. मंजिरी आपोआप पुढे झुकली होती. ती मागे टेकली.

"तू दिवसभर काय करतोस रे?" बाबांनी विचारलं. "ही सांगते पुलांचं बघतो. पण म्हणजे काय बघतोस?"

सारंगची नजर टेबलावरच्या पट्टीवर गेली. मग म्हणाला, "तिथली स्टीलची पट्टी घ्या. टेबलाच्या कडेवर दाबून धरा. चार बोटं बाहेर राहू द्या. आता टोकाला टिचकी मारा."

बाबांनी मारली. त्यांना आवाज ऐकू आला नाही, पण दाबलेल्या बोटाला पट्टीची भरभर थरथर जाणवली.

"आता आणखी बाहेर काढा. निम्मी. परत मारा."

पट्टी या वेळी सावकाश, लोंबल्यासारखी हलली.

"खांबाचंही तसंच," सारंग म्हणाला. "माती त्याला खालून धरून असते तोवर तो भरभर थरथरतो. पाण्याने माती खणून नेली की खांब तेवढा मोकळा होतो आणि थरथर मंदावते. पाण्याखाली कोणाला दिसत नाही, पण मला इथे बसून कळतं."

बाबांनी पट्टी कधी आत, कधी बाहेर करत सात-आठ टिचक्या मारल्या. "तारवेवाडीचा पूल असा झालाय?" त्यांनी विचारलं. सकाळी मीटिंगबद्दल चाललेलं भाऊबहिणीचं बोलणं त्यांनी अर्धवट वाचलं असावं.

"झालाय."

"मग तो बंद का करत नाहीत?"

सारंगने मंजिरीकडे बघितलं. मंजिरी म्हणाली, "उद्या सांगणार आहोत."

गुरुवारी अकराला मीटिंग सुरू झाली. कार्यकारी अभियंता वंदना पाचपुते जानेवारीत बदलून आल्या होत्या. त्यांच्या शेजारी दोन कनिष्ठ अभियंते होते. मंजिरी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी खिडकीपाशी बसली.

"नमस्कार, मंजिरीताई," एक अभियंता सवयीने म्हणाला.

"नमस्कार. आज मी सारंग बोलतोय," टॅब म्हणाला, आणि मीटिंगच्या पडद्याखाली तीच ओळ उमटली. पलीकडे तिघंही सावरून बसले.

सारंगने आलेख दाखवले. ऑक्टोबरपासून मेपर्यंत थरथर कशी मंदावत गेली, तापमानाचा हिशेब वजा केला तरी ती कशी मंदच राहते, हे त्याने टप्प्याटप्प्याने सांगितलं. मग टॅब म्हणाला, "तेव्हा तिसऱ्या आंब्याखालची माती गेलेली आहे."

"कशाखालची?" पाचपुतेबाईंनी विचारलं.

मंजिरीचं तोंड उघडलं. तिने ते मिटलं आणि खिडकीचा गज धरला. सारंगने श्वास घेतला आणि शब्द पुन्हा म्हटला, या वेळी सावकाश.

"खांबाखालची," टॅब म्हणाला. "मशीन नवीन आहे, आणि मे महिना आहे."

पलीकडे कोणीतरी हसलं. पाचपुतेबाईही हसल्या, पण लगेच समोरचा कागद बघून गंभीर झाल्या. "वाळिंबे, हे इतकं स्पष्ट असेल तर नोव्हेंबरच्या इतिवृत्तात नुसतं 'लक्ष ठेवावं लागेल' असं कसं? त्यावर विसंबून आम्ही सहा महिने काही केलं नाही."

सारंग बोलायच्या आत मंजिरी उठली आणि कॅमेऱ्यासमोर आली.

"ते वाक्य माझं आहे," ती म्हणाली. "पूल बंद करा, असंच तो म्हणाला होता. लोक पुन्हा त्याला हसतील म्हणून मी ते सौम्य करून सांगितलं. त्याचं मूळ वाक्य रेकॉर्डिंगमध्ये आहे. मी पाठवते."

"हे मला नोंदवावं लागेल," पाचपुतेबाई म्हणाल्या.

"नोंदवा."

"आणि यापुढे यांच्या बोलण्यात तुम्ही पडायचं नाही. अडलं तर ते पुन्हा सांगतील, आम्ही पुन्हा ऐकू."

"हो," मंजिरी म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन बसली. तिचे कान तापले होते. पण आपण वाक्य जुळवण्यासाठी एकही शब्द मनात घोळवत नाही आहोत, हे तिच्या लक्षात आलं, आणि पुढची मीटिंग तिने चक्क ऐकली. सारंग चांगला बोलत होता. थोडा फाजील होता, पण चांगला बोलत होता.

त्याच संध्याकाळी तारवेवाडीच्या पुलावरून जड वाहनं बंद झाली. पुढच्या आठवड्यात दिवा घेऊन एक पाणबुड्या खाली उतरला. तिसऱ्या खांबाच्या पायाखाली माणूस उकिडवा बसू शकेल एवढी पोकळी निघाली. मग पूल सगळ्यांसाठीच बंद केला आणि दोन्ही टोकांना फलक लागले. फलकावर तपासणी सल्लागार म्हणून सारंगचं नाव आणि घरचा नंबर होता.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी फोन आला. व्हिडिओवर पलीकडच्या गावात दूध गोळा करणारे भिकाजी मोहिते होते, मागे कॅनांची रांग.

"वाळिंबे कोण ते? त्यांना बोलवा," मोहिते म्हणाले. "चौदा किलोमीटरचा वळसा पडतोय मला. दूध नासायची वेळ आली. पूल काय हलत होता का? मी रोज जातोय त्याच्यावरून, मला बरं कळलं नाही ते?"

असे फोन पूर्वीही यायचे. मंजिरी ते बाहेरच्या खोलीतच संपवायची, आणि मग सारंगला सांगायची की एकांनी चौकशी केली.

"ते जरा कामात..." एवढं तिने म्हटलं, तोच आतून आवाज आला, "ताई, इकडे दे."

तिने फोन सारंगच्या टॅबला जोडून दिला. सारंगला बघितल्यावर मोहित्यांचा सूर एकदम खाली आला. "राहू द्या, राहू द्या," ते म्हणाले. "तुम्हाला कशाला त्रास. मी ताईंशी बोलतो."

"ताईंनी नाही बंद केला पूल, मी केला," सारंग म्हणाला. "भांडायला फोन केलात ना? मग भांडा."

मोहिते गोंधळले. मग त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, आधी जपून, मग जोरात. सारंगनेही आवाज चढवला. टॅबचा आवाज दीड सेकंद मागून चढत होता, त्यामुळे दोघांची वाक्यं एकमेकांवर आदळत होती. खांबाखाली पोकळी निघाली हे मोहित्यांना मान्य होतं. पण दूधगाड्यांसाठी तात्पुरती वाट कोणी का काढली नाही, याचं उत्तर त्यांना हवं होतं. सारंग म्हणत होता, हा प्रश्न बरोबर आहे पण माणूस चुकीचा आहे. मोहिते म्हणत होते, फलकावर नाव तुमचं आहे, मी तुम्हालाच धरणार.

मंजिरी स्वयंपाकघरात आली. बाबा तिथे भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांच्या पडद्यावर आतल्या खोलीतलं बोलणं ओळींवर ओळी उमटत होतं आणि ते ते मन लावून वाचत होते.

"तू जाऊ नकोस मध्ये," ते मान वर न करता म्हणाले.

"नाही जात."

तिने त्यांच्यासमोर बसून शेंगा पुढ्यात ओढल्या. पंचवीस मिनिटांनी आतला आवाज थांबला. मग खुर्चीची चाकं वाजली आणि सारंग दारात आला. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि कपाळावर घाम होता.

"काय झालं?" मंजिरीने विचारलं.

"मला आडमुठा म्हणाला," सारंग म्हणाला. "उद्या अकराला परत भांडायचं ठरलंय."